किआंती : एका वाइनचं नाव, तिची हद्द आणि अर्धेलीचा हिशोब

आधी उच्चाराचं बघू, कारण तो प्रश्न हमखास येतो. बाटलीवरचं हे नाव आपल्याकडे कुणी ‘चियांटी’ वाचतं, कुणी ‘शियांती’. इटालियनमध्ये त्याचा उच्चार ‘क’ने सुरू होतो, म्हणून किआंती. हे आधी एका डोंगराळ मुलखाचं नाव आहे आणि वाइनला ते मागाहून मिळालं. आजच्या व्याख्यानातला बराचसा झगडा यातूनच निघतो.

पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हा आजचा विषय नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की किआंतीची चव जशी माती आणि हवामानाने ठरली, तशीच जमीन कुणाच्या मालकीची, पीक कसं वाटलं जायचं आणि नाव कुणी वापरायचं यानेही ठरली. कायद्याचा कागद सरळ पेल्यात कसा उतरतो हे बघायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी मुलूख बघून घेऊ. मध्य इटलीत तोस्काना नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेला फ्लोरेन्स, दक्षिणेला सिएना, आणि मधे या टेकड्या. द्राक्षबागा साधारण 250 ते 600 मीटर उंचीवर. चित्रांत सगळीकडे द्राक्षवेलीच दिसतात, पण प्रत्यक्षात तिथला जवळजवळ दोन तृतीयांश भाग जंगलाचा आहे, ओक आणि चेस्टनटच्या झाडांचा. साधारण 70,000 हेक्टरच्या या पट्ट्यात जिला आज ‘किआंती क्लासिको’ म्हणतात तिच्यासाठीच्या बागा 7,000 हेक्टरच्या आसपास. म्हणजे दहातला एक भाग. बाकी जंगल, ऑलिव्हची झाडं आणि गावं.

जमीन दगडाळ. ‘गालेस्त्रो’ नावाचा एक पापुद्र्यांचा खडक तिथे सापडतो, तो हातात धरून चुरला तर भुगा होतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही जमीन दाखवली तर तो ‘मुरमाड रान’ म्हणेल. आपला मुरूम काळ्या पाषाणाचा आणि हा चिकणमातीच्या खडकाचा, एवढा फरक. पाणी धरून न ठेवण्याचा गुण दोन्हींत सारखा. दुसरा दगड ‘आल्बेरेझे’, चुनखडीच्या जातीचा आणि टणक.

या जमिनीत मुख्य द्राक्ष सांजिओवेझे. हे जरा लहरी द्राक्ष आहे. उशिरा पिकतं, साल पातळ, आणि ऑक्टोबरच्या पावसात सापडलं की कुजतं. रंग फार गडद येत नाही. आंबटपणा भरपूर, आणि पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी धरते तसा तुरटपणा. नुसती प्यायला गेलात तर कदाचित कोरडी वाटेल. टोमॅटोच्या रश्शाबरोबर किंवा भाजलेल्या मांसाबरोबर ती जुळते. तिथली माणसं ती जेवणाबरोबरच पितात.

आता कोंबड्याची गोष्ट, थोडक्यात. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. दंतकथा अशी, की फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचं भांडण होतं. ठरलं असं, की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघायचा आणि जिथे भेट होईल तिथे सीमा. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून गुबगुबीत केला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो बिचारा भुकेने उजाडायच्या आधीच आरवायला लागला. (हशा) फ्लोरेन्सचा स्वार सिएनाच्या जवळ जाऊन पोचला आणि किआंती फ्लोरेन्सची झाली. ही गोष्टच आहे, इतिहास नाही. पण कोंबडा खरा. चौदाव्या शतकात राद्दा, गायोले आणि कास्तेल्लिना या तीन गावांचा मिळून ‘किआंतीचा संघ’ होता, त्याचं हे चिन्ह. फ्लोरेन्सच्या पालाझ्झो व्हेक्किओत, पाचशेंच्या दालनाच्या छतावर, वसारीने किआंतीचं रूपकचित्र काढलं त्यातही हा कोंबडा आहे.

वाइनला किआंती हे नाव 1398 च्या कागदांत भेटतं. पण मला थांबायचं आहे ते 1716 सालापाशी. त्या वर्षी 24 सप्टेंबरला तोस्कानाचा ग्रँड ड्यूक, मेदिची घराण्यातला तिसरा कोसिमो, याने एक फर्मान काढलं. चार मुलखांच्या हद्दी त्यात गावांच्या नावांनिशी लिहून दिल्या: किआंती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचं व्हाल्दार्नो. या हद्दीबाहेरची वाइन या नावाने विकायची नाही, आणि देखरेखीला अधिकारी नेमले. कारण व्यापार. वाइन समुद्रमार्गे परदेशी जात होती आणि बनावट माल गेला तर सगळ्यांचंच नाव खराब होणार. पोर्ट वाइनसाठी पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्याची हद्द आखली गेली ती 1756 साली, म्हणजे हे फर्मान तिच्याही 40 वर्षं आधीचं. ही चार नावं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काय झालं ते बघायचं आहे.

आता शेतावर जाऊ. इथे जरा वेळ घेतो, कारण वाइनच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

किआंतीची जमीन कसणारी माणसं जमिनीची मालक नव्हती. पद्धतीचं नाव मेझ्झाद्रिया. इटालियनमध्ये ‘मेझ्झो’ म्हणजे अर्धा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अर्धेली. जमीन आणि दगडी घर मालकाचं, राबणं कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. तोस्कानात ही पद्धत मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. एका शेताचा तुकडा एका मोठ्या एकत्र कुटुंबाकडे. घरात कर्ता पुरुष एक, व्यवहार त्याच्या हातात. मालक बहुतेक शहरात, शेतावर त्याचा कारभारी. किती माणसं राबायला आहेत यावर शेत मिळायचं, त्यामुळे घरात लग्न करायचं तरी अनेक ठिकाणी मालकाची संमती लागायची. सून आली म्हणजे दोन हात वाढले आणि एक तोंडही वाढलं, हा हिशोब मालकही मांडायचा.

अशा कुटुंबाला त्याच तुकड्यातून वर्षाचा गहू हवा, तेल हवं, भाजी हवी आणि वाइनही हवी. म्हणून सगळं एकत्र: मेपलच्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल, वेलींच्या दोन ओळींत गहू, बांधाला ऑलिव्ह. आपण मिश्र पीक म्हणतो तेच. द्राक्षाच्या जातीही मिसळलेल्या, काळी आणि पांढरी शेजारी शेजारी. त्यात त्रेब्बिआनो नावाचं एक पांढरं द्राक्ष होतं. चवीला फिकं, पण घड मोठे आणि उतारा भरपूर. निम्मं पीक मालकाला द्यायचं असलं की उरलेल्या निम्म्यात घर चालवणारा माणूस उतारा बघणार, सुगंध नाही. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर बेत्तिनो रिकासोली हा माणूस येतो. गायोलेजवळच्या ब्रोलिओ किल्ल्याचा जहागीरदार, मोठा जमीनदार. स्वभावाने इतका कडक की लोक त्याला ‘पोलादी जहागीरदार’ म्हणत. 1861 साली काव्हूर वारल्यावर तो इटलीचा पंतप्रधान झाला, पुढे 1866 ला पुन्हा झाला. राजकारण करता करता त्याने वर्षानुवर्षं आपल्या बागेत द्राक्षांच्या जातींचे प्रयोग केले. 1872 साली पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक चेझारे स्तुदिआती यांना त्याने एक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की वाइनला सुगंध आणि जोर येतो तो सांजिओवेझेमुळे. कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष तिचा कडकपणा मऊ करतं. आणि माल्वाझिआ हे पांढरं द्राक्ष वाइन पातळ करतं, हलकी करतं. ते रोजच्या पिण्याच्या वाइनला ठीक, पण जी वाइन वर्षानुवर्षं ठेवायची तिच्यात ते घालू नये.

हा शेवटचा भाग नीट ऐका. पांढरं द्राक्ष ऐच्छिक होतं, आणि चांगल्या वाइनमध्ये नकोच होतं. लोक मात्र पुढे ‘रिकासोलीची कृती’ म्हणून तीन द्राक्षांचं मिश्रण सांगत राहिले आणि त्याची अट विसरले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी किआंती जगभर गेली. तिच्याबरोबर ती गवताचं वेष्टण असलेली गोल बुडाची बाटली, फियास्को. काच पातळ फुंकलेली, बूड गोल, त्यामुळे ती आपणहून उभी राहत नाही. म्हणून खाली गवताची बैठक विणायची. हे विणकाम एम्पोलीच्या आसपास बायका घरी करायच्या, नगावर मजुरी. (मधे कुणीतरी विचारलं, फजितीला फियास्को म्हणतात ते यावरूनच का? शब्द तोच. इटालियन रंगभूमीच्या बोलीतून तो त्या अर्थाने पसरला. बाटलीचा आणि फजितीचा संबंध का जोडला गेला याच्या मात्र जितकी तोंडं तितक्या गोष्टी आहेत.)

मागणी वाढली तसं आजूबाजूच्या टेकड्यांवरची वाइनही किआंती म्हणून विकली जाऊ लागली. मूळच्या उत्पादकांना ते झोंबलं. 14 मे 1924 ला राद्दामध्ये 33 उत्पादक जमले आणि त्यांनी संघ काढला. चिन्ह अर्थातच काळा कोंबडा. नाव आमच्या मुलखाचं, तर ते आमचंच, असं त्यांचं म्हणणं.

सरकारने प्राध्यापक दाल्मास्सो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1932 साली निकाल लागला. निकाल असा, की किआंती हे नाव आता एका प्रकारच्या वाइनचं झालं आहे, सबब मोठ्या मुलखाला ते वापरू द्यावं. सात उपविभाग ठरले. मूळ टेकड्यांना ‘क्लासिको’ हे शेपूट मिळालं, आणि शेजारी रुफिना, मोंताल्बानो, फ्लोरेन्सच्या टेकड्या, सिएनाच्या टेकड्या, आरेझ्झोच्या, पिसाच्या, सगळ्यांना किआंती म्हणवून घ्यायची मुभा मिळाली.

मूळच्या लोकांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली तर ती निव्वळ लुटीची वाटते. मला ती तशी सरळ वाटत नाही. रुफिनाच्या खोऱ्यात उत्तम वाइन होत होती आणि तिथले लोक बराच काळ त्या नावावर धंदा करत होते. शिवाय 1716 ची ती चार नावं आठवा. पोमिनो हा मुलूख रुफिनाच्या किआंतीत गेला आणि कार्मिन्यानो मोंताल्बानोच्या किआंतीत. म्हणजे स्वतःची 200 वर्षांची हद्द असलेली दोन नावं या मोठ्या नावाच्या पोटात गडप झाली. कार्मिन्यानोला ते परत मिळायला 1975 उजाडलं, पोमिनोला 1983. नाव पसरलं की मूळ मालकाचं नुकसान होतं हे आपण लगेच ओळखतो. ज्याच्यावर ते येऊन बसतं त्याचंही काही जातं, ते लक्षात येत नाही. आणि एक गंमत सांगतो. 2010 पासून क्लासिकोच्या हद्दीत साधी ‘किआंती’ बनवायला परवानगीच नाही. ज्या टेकड्यांवरून ते नाव आलं तिथे ‘किआंती क्लासिको’च बनवायची!

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धेली मोडकळीला आली. तरुण पोरं शेत सोडून फ्लोरेन्स, प्रातो, पोज्जिबोन्सीच्या कारखान्यांत गेली. 1947 ला कुळाचा वाटा 53 टक्के झाला, 1964 च्या कायद्याने 58 टक्के, आणि त्याच कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. उरलेले करार 1982 च्या कायद्याने खंडात बदलता आले. आपल्याकडचा 1948 चा कूळकायदा इथे अनेकांना आठवेल. मोठा फरक असा, की आपल्याकडे अनेक ठिकाणी कसणाऱ्याच्या नावावर सात-बारा झाला. तिथे कायदा येईपर्यंत कसणारा बहुतेक निघूनच गेला होता. दगडी घरं ओस पडली. पुढे ती परदेशी लोकांनी, विशेषतः इंग्रजांनी, विकत घेतली. इतकी, की या भागाला थट्टेने ‘किआंतीशायर’ म्हणायला लागले.

मजूर नाही म्हटल्यावर मिश्र पीक परवडेना. 1960 आणि 70 च्या दशकांत सरकारी आणि युरोपीय अनुदानावर नुसत्या द्राक्षांच्या बागा लागल्या, ट्रॅक्टर चालेल अशा ओळींच्या. घाईघाईत लावलेली रोपं जास्त उताऱ्याची, दर्जाने सुमार. आणि नेमक्या त्याच वेळी, 1967 साली, किआंतीच्या मानांकनाचा नियम आला. त्यात लिहिलं होतं की 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत.

रिकासोलीने जे ऐच्छिक ठेवलं होतं ते सक्तीचं झालं. अर्धेलीच्या बागेत पांढरी द्राक्षं होती कारण कुळाला उतारा हवा होता. अर्धेली गेली, कूळ गेलं, पण त्या बागेचं प्रमाण कायद्यात राहिलं. नियम करणाऱ्यांनी समोर जी लागवड दिसली तीच परंपरा म्हणून लिहून काढली. परिणाम व्हायचा तोच झाला. वाइन फिकी झाली, भाव पडले, आणि गवती बाटली म्हणजे स्वस्त उपाहारगृहातला मेणबत्तीचा स्टँड अशी तिची ओळख उरली.

यातून काही जणांनी नियमच सोडले. आंतिनोरी हे फ्लोरेन्सचं घराणं 1385 पासून या धंद्यात. त्यांनी जाकोमो ताकिस या वाइनतज्ज्ञाच्या मदतीने ‘तिन्यानेल्लो’ नावाची वाइन काढली. 1971 च्या पिकाची वाइन त्यांनी किआंती न म्हणता विकली, आणि थोड्याच वर्षांत पांढरी द्राक्षं पूर्ण बंद केली. नियमात बसत नाही म्हणून लेबलवर ‘साधी जेवणाची वाइन’ लिहावं लागलं, म्हणजे कायद्याने सगळ्यात खालचा वर्ग. भाव मात्र सगळ्यात वरचा. मला याहून आवडतो तो राद्दाचा सेर्जो मानेत्ती. लोखंड-पोलादाच्या धंद्यातला माणूस, 1967 ला त्याने माँतेव्हेर्तिने हे शेत घेतलं. 1977 च्या पिकापासून त्याने ‘ले पेर्गोले तोर्ते’ नावाची वाइन केली. निव्वळ सांजिओवेझे, दुसरं काही नाही. म्हणजे या मुलखाचं स्वतःचं द्राक्ष शंभर टक्के वापरलं, आणि म्हणूनच ती कायद्याने किआंती नव्हती! मानेत्ती पुढे संघातून बाहेर पडला. त्या घराण्याच्या वाइनवर आजही किआंती क्लासिकोचं नाव नसतं.

नियम हळूहळू सरकले. 1984 ला वरचा दर्जा मिळाला तेव्हा क्लासिकोत पांढऱ्याची सक्ती 2 टक्क्यांवर आली. 1996 ला क्लासिकोची नियमावली वेगळी झाली आणि शंभर टक्के सांजिओवेझे चालू लागली. 2006 च्या पिकापासून पांढरी द्राक्षं सरळ बंद. दरम्यान 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून संघाने फ्लोरेन्स आणि पिसा विद्यापीठांबरोबर जुन्या बागांतल्या सांजिओवेझेचे चांगले वाण निवडून काढले, लहान मण्यांचे, सैल घडांचे, पावसात तग धरणारे. आजच्या बागा बऱ्याच अंशी त्या कामावर उभ्या आहेत, आणि मला वाटतं तिन्यानेल्लोची वाहवा करताना या कंटाळवाण्या कामाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं.

आता हद्दीचा प्रश्न पुन्हा आला आहे, या वेळी आतून. 2021 साली संघाने क्लासिकोचे 11 भाग पाडले: राद्दा, गायोले, कास्तेल्लिना, ग्रेव्हे, पान्झानो, लामोले, मोंतेफिओराल्ले, सान काशानो, सान दोनातो, कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगा आणि व्हाल्याल्ली. सगळ्यात वरच्या वर्गाच्या, म्हणजे ‘ग्रान सेलेझिओने’च्या बाटलीवर हे नाव छापता येतं. त्या वर्गात सांजिओवेझे किमान 90 टक्के आणि उरलेल्यात काबेर्ने किंवा मेर्लो नाही, फक्त स्थानिक जाती, असंही ठरलं आहे. बाकीच्या क्लासिकोत मात्र 20 टक्क्यांपर्यंत बाहेरच्या जाती अजून चालतात. यावर तिथे वाद आहे. माझा कल स्थानिक जातींकडे आहे, पण ज्याने कर्ज काढून मेर्लो लावली त्याला ती उपटायला सांगणं सोपं नाही.

प्रश्नोत्तरांत दोन-तीन जणांनी एकच विचारलं: हे द्राक्ष आपल्याकडे येतं का? येतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन आणि मराठी भागीदारांनी मिळून बागा लावल्या, त्यांत सांजिओवेझे आहे. पण तिचं वर्ष वेगळं. तोस्कानात वेल थंडीत झोपतो, छाटणी एकदा, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, आणि घड तयार होतात फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. त्यामुळे चव तीच येईल अशी अपेक्षा धरू नये. नावाचं म्हणाल, तर ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे.

शेवटचा प्रश्न, दुकानात बाटली बघताना काय बघायचं. नुसतं ‘किआंती’ लिहिलं असेल तर ती मोठ्या मुलखातली, बहुधा लवकर प्यायची. ‘क्लासिको’ आणि काळा कोंबडा असेल तर मूळ टेकड्यांतली. 2005 पासून हा कोंबडा क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर असतो. अमेरिकेत ‘काळा कोंबडा’ हे इटालियन नाव वापरायला संघाला मनाई झाली, कारण कोंबड्याला इटालियनमध्ये ‘गाल्लो’ म्हणतात आणि तिथल्या एका बड्या वाइन कंपनीच्या मालकांचं आडनावही तेच. (हशा) कोंबड्याच्या चित्राला मात्र कुणाची हरकत नाही.